पाण्यात क्लोरीन आहे, मग कावीळ कशी होते?

थेंबथेंब (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. तिच्या गल्लीत काविळीचे सात रुग्ण निघालेत. म्हणाली, "मामा, नळाला क्लोरीनचा वास येतो, तपासणीचा कागदही 'पिण्यास योग्य' असा आलाय. मग हे आलं कुठून?" मी पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली आहेत, तरी फोनवर पाच मिनिटांत धड उत्तर देता येईना. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर दिल्लीत सापडतं. १९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा नदीची धार वझीराबादच्या उपसा केंद्रापासून बाजूला सरकली होती. नजफगड नाला तिथून थोडा खालच्या अंगाला यमुनेला मिळतो. समोरची धार हटल्यावर नाल्यातलं मैलापाणी उलटं चढत थेट उपशाच्या जागेपर्यंत आलं. नोव्हेंबरच्या मध्याला काही दिवस हे चाललं. केंद्रावरची माणसं झोपलेली नव्हती. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीनही वाढवला. तरीही डिसेंबर आणि जानेवारीत दिल्लीत काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले.

आता पुढची गोष्ट नीट वाचा. त्याच पाण्यात टायफॉइडचे जंतू असणार, हगवणीचेही असणार. पण त्या दोन महिन्यांत टायफॉइड वाढला नाही, हगवणही वाढली नाही. म्हणजे क्लोरीननं जिवाणूंचा बंदोबस्त केला आणि विषाणू त्याच्या हातून निसटले. पाणी तपासताना आपण शोधतो ते कोलिफॉर्म, म्हणजे जिवाणूच. ते सापडले नाहीत की कागदावर 'पिण्यास योग्य' असा शिक्का बसतो.

ही कावीळ ओळखीच्या विषाणूंची नव्हती हे कळायला पंचवीस वर्षं गेली. त्या साथीतले रक्तद्रवाचे नमुने कुणीतरी जपून ठेवले होते. अहमदाबादच्या १९७५-७६ च्या आणि पुण्याच्या १९७८-७९ च्या साथीतल्या नमुन्यांबरोबर ते तपासले गेले. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले संशोधक या कामात होते. १९८० साली निष्कर्ष छापून आला की ही हेपटायटिस ए नाही आणि बी पण नाही. पुढे १९८३ मध्ये मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञानं रुग्णांच्या विष्ठेतला अर्क स्वतः पिऊन कावीळ ओढवून घेतली आणि स्वतःच्याच विष्ठेत तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आज त्याला आपण हेपटायटिस ई म्हणतो.

आतड्यातून बाहेर पडणारे बहुतेक विषाणू असेच चिवट असतात. पोलिओ, हेपटायटिस ए, नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, अॅडिनोव्हायरस ही सगळी त्यातलीच मंडळी. कोरोनाच्या विषाणूवर चरबीचं वेष्टन असतं, साबण लागला की ते फाटतं. यांच्या अंगावर तसलं काही नसतं. नुसती प्रथिनांची घट्ट विणलेली पेटी आणि आत जनुकांचा धागा. जठरातल्या आम्लातून आणि पित्तातून सुखरूप पार पडेल अशीच ती पेटी घडलेली असते. पोलिओ किंवा हेपटायटिस ए चा कण साधारण ३० नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीत अडीच हजार कण एका ओळीत बसतील.

पाण्यात विषाणूची वाढ होत नाही, त्यासाठी त्याला आपल्या पेशी लागतात. पाण्यात तो फक्त टिकून राहतो. किती दिवस टिकेल हे मुख्यतः तापमानावर ठरतं. थंड आणि अंधाऱ्या पाण्यात महिनोन्महिने, उन्हानं तापलेल्या उघड्या तळ्यात त्यापेक्षा खूपच कमी. गाळाच्या कणाला चिकटला तर आणखी टिकतो, कारण ऊन आणि क्लोरीन दोन्ही त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. म्हणून गढूळ पाण्यात कितीही क्लोरीन ओतला तरी मला भरवसा वाटत नाही.

प्रश्न असतील तर विचारा. जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगेन.

कस्तुरी | सोमवार, रात्री १०.२५

काका, वाचताना हात थरथरले. माझ्या वहिनीला सातव्या महिन्यात कावीळ झाली होती. आमच्या भागात तेव्हा घरटी एक रुग्ण होता, पण पाणी चांगलं आहे असंच सगळे सांगत राहिले. वहिनी वाचली, बाळ गेलं. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. बाकी घरातल्यांना दहा-पंधरा दिवसांत बरं वाटलं, मग तिलाच एवढं का झालं?

नाडी | सोमवार, रात्री ११.०५

कस्तुरी, वाचून फार वाईट वाटलं. मी फिजिशियन आहे. हेपटायटिस ई चं हेच क्रूर वैशिष्ट्य आहे. धडधाकट तरुण माणसाला तो आठ-पंधरा दिवस, फार तर महिनाभर आडवं पाडतो आणि सोडून देतो. पण गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, यकृत एकदम निकामी होण्याचा धोका फार मोठा असतो. दिल्लीच्या साथीतही गरोदर बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतं. तुमच्या वहिनीकडून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. या विषाणूचं असंच असतं.

आणखी एक सांगते, कारण सगळे इथेच फसतात. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते नऊ आठवडे लागतात, सरासरी चाळीसेक दिवस. म्हणजे रुग्ण दवाखान्यात येतात तेव्हा पाण्यातली घाण कधीच वाहून गेलेली असते. त्या दिवशीचं पाणी तपासलं तर ते स्वच्छच निघणार. खरं तर विचारायला हवं, "सहा आठवड्यांपूर्वी काय झालं होतं? कुठे खोदकाम झालं, पाईप फुटला, पाणी गढूळ आलं?"

साथ चालू असताना घरी करायची गोष्ट एकच, पाणी उकळा. चांगली खळखळून उकळी फुटली की हे सगळे विषाणू संपतात, वीस-वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. त्याच भांड्यात झाकून गार करा, वरून हात किंवा पेला बुडवू नका. घरात गरोदर बाई असेल तर भाजी धुवायला आणि चूळ भरायलाही तेच पाणी द्या.

माळरान | मंगळवार, सकाळी ७.१५

काका, मी आमच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे. रोज पहाटे टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, मग गावात चार ठिकाणी ओटी, म्हणजे क्लोरीनची चाचणी, घेतो. नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळा रंग आला की वहीत 'पॉझिटिव्ह' लिहितो. मागच्या सर्वेक्षणात आम्हाला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्डही मिळालं. आता तुमचं वाचून शंका आली. पिवळा आला म्हणजे विषाणूही मेले असं समजायचं का?

थेंबथेंब | मंगळवार, सकाळी १०.५०

माळरान, या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तू विचारलास. (वयानं लहान असशील असं धरून 'तू' म्हणतोय.)

पाण्यातला क्लोरीन दोन रूपांत असतो. एक मोकळा आणि दुसरा जोडलेला. पाण्यात मैला मिसळला की त्यातला अमोनिया क्लोरीनला धरून बसतो आणि क्लोरामाइन तयार होतं. क्लोरामाइनलाही वास असतो, ओटीत तेही पिवळा रंग देतं. सावकाश का होईना, जिवाणूंना ते आवरतं. विषाणूंपुढे मात्र ते फारच दुबळं.

किती दुबळं ते आकड्यांत सांगतो. निर्जंतुकीकरणाचा हिशेब क्लोरीनची मात्रा गुणिले मिनिटं असा करतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची कोष्टकं हेपटायटिस ए च्या विषाणूवर बेतलेली आहेत. २० अंशाच्या पाण्यात दहा हजारांतला एकच विषाणू शिल्लक राहावा यासाठी मोकळ्या क्लोरीनचा गुणाकार ३ लागतो आणि क्लोरामाइनचा ७४६. लिटरला अर्धा मिलिग्रॅम धरला तर मोकळ्या क्लोरीनला सहा मिनिटं पुरतात, क्लोरामाइनला जवळजवळ पंचवीस तास. पाणी १० अंशांपर्यंत गार असेल तर दोन्ही वेळा दुप्पट होतात. आणि नळीतला पिवळा रंग दोन्हींचा सारखाच दिसतो.

फरक ओळखायची युक्ती तुझ्या हातातच आहे. मोकळा क्लोरीन असेल तर ओटीचे थेंब पडताच रंग येतो. रीडिंग दहा सेकंदांच्या आत घ्यायचं. नळी तशीच ठेवून पंधरा-वीस मिनिटांनी पाहिलीस तर जो रंग दिसेल तो मोकळा आणि जोडलेला दोन्ही मिळून. कित्येक ठिकाणी मी पाहिलंय की चार नळ्या एकदम भरून कट्ट्यावर ठेवतात, मग चहा होतो, मग वही उघडतात. तोवर सगळ्या नळ्या पिवळ्या झालेल्या असतात.

आपल्या भारतीय मानकातही, म्हणजे १०५०० क्रमांकाच्या, ही गोष्ट आहे, पण तिकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. मोकळा शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, पण विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान ०.५. जागतिक आरोग्य संघटनाही ०.५ च सांगते, तोही अर्धा तास मुरल्यावर, पाणी निवळशंख असताना आणि सामू (पीएच) ८ च्या खाली असताना. सामूची अट उगाच नाही. ७ सामूला मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे पाऊण भाग जहाल रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. आपल्याकडचं बरंच विहिरी-बोअरचं पाणी ८ च्या आसपास असतं.

टीसीएलबद्दलही सांगतो. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. पावडर टाकीत थेट टाकू नकोस. बादलीत कालव, खाली बसू दे आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोड. आणि ओटीचं औषध विषारी आहे. हाताला लागू देऊ नकोस, तपासलेलं पाणी परत टाकीत किंवा हौदात ओतू नकोस.

सह्यकडा | मंगळवार, दुपारी १२.३०

एवढं डोकं कशाला खपवायचं? घरी आरओ-यूव्ही बसवा, विषय संपला.

थेंबथेंब | मंगळवार, दुपारी १.१०

सह्यकडा, ज्याला परवडतं त्यानं जरूर बसवावं. आरओचा पडदा धड असेल तर विषाणू त्यातून जात नाही. कँडलच्या फिल्टरमधून किंवा चौपदरी फडक्यातून मात्र तो आरामात जातो.

यूव्हीचं थोडं वेगळं आहे. तो दिवा पेटी फोडत नाही, आतल्या जनुकांच्या धाग्यात गाठी मारतो. विषाणू दिसायला अखंड राहतो पण पेशीत शिरून स्वतःची नक्कल काढू शकत नाही. बहुतेक विषाणूंना हे पुरतं. अॅडिनोव्हायरसचा धागा दुपदरी डीएनएचा असतो आणि आपलीच पेशी त्या गाठी सोडवून देते. म्हणून त्याला प्रचंड मात्रा लागते. क्रिप्टोस्पोरिडियम हा क्लोरीनला अजिबात न जुमानणारा परजीवी यूव्हीच्या मात्रेच्या २२ एककांत आटोपतो, अॅडिनोव्हायरसला तेवढ्याच परिणामासाठी १८६ लागतात. उलट अॅडिनोव्हायरस मोकळ्या क्लोरीनपुढे लवकर नमतो. म्हणून चांगल्या केंद्रांत एकाच उपायावर विसंबत नाहीत, गाळणं, यूव्ही आणि क्लोरीन एकामागून एक लावतात.

पण घरच्या मशीननं गावाची साथ थांबत नाही. ज्यांच्या घरी मशीन नाही त्यांच्यासाठी नळाचंच पाणी चांगलं असलं पाहिजे.

तांबडीमाती | मंगळवार, दुपारी ४.२०

आमचं घर गोव्यात, जांभ्याच्या जमिनीवर. अंगणात आज्याच्या काळातली विहीर, आणि गेल्या दहा वर्षांत आजूबाजूला घरं वाढली तशा सेप्टिक टाक्याही वाढल्या. विहिरीचं पाणी इतकं नितळ की तळाचा दगड दिसतो. दरवर्षी पहिला मोठा पाऊस झाला की आठवड्याभरात वाड्यावर पोटं बिघडतात. आई म्हणते, "नवं पाणी बाधतं." यात काही तथ्य आहे का?

थेंबथेंब | मंगळवार, संध्याकाळी ६.००

तुमच्या आईचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्यामागे रसायनशास्त्र आहे. सेप्टिक टाकीतून झिरपणारं पाणी मातीतून जातं तेव्हा बरेचसे विषाणू मातीच्या कणांना चिकटतात. ते तिथे निष्क्रिय होतातच असं नाही. पाण्यातल्या क्षारांमुळे ती पकड टिकून असते. पावसाचं पाणी जवळजवळ बिनक्षाराचं. ते खाली उतरलं की पकड सुटते आणि चिकटलेले विषाणू मोकळे होऊन पुढे सरकतात. चिकण मातीत हा प्रवास कासवाच्या गतीनं होतो. जांभ्यात मात्र भोकं आणि भेगा असतात, त्यामुळे गाळणी अशी फारशी लागतच नाही. विहिरीत पुन्हा गारवा आणि अंधार, म्हणजे विषाणूला टिकायला उत्तम जागा.

विहीर आणि शोषखड्डा यांत निदान पन्नास फूट हवेत असं आम्ही सांगत आलो. जांभ्यात मी तेवढ्यावर निर्धास्त राहणार नाही. पहिल्या पावसापासून निदान महिनाभर विहिरीत नियमित टीसीएल आणि प्यायला उकळलेलं पाणी, एवढं तरी करा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं अशा घरगुती विहिरींसाठी दुहेरी मडक्याची सोय काढली होती. आतल्या मडक्यात टीसीएल आणि भरड वाळू, ते दुसऱ्या मडक्यात ठेवून विहिरीत सोडायचं. क्लोरीन दोन-तीन आठवडे हळूहळू पाझरत राहतो.

सायली_वाकड | मंगळवार, रात्री ८.४५

आमच्या सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, आहे. तेच पाणी फ्लशला आणि बागेला जातं. मुलं स्प्रिंकलरखाली खेळतात. समितीवर असल्यामुळे विचारते, त्या पाण्यात विषाणू किती उरतात?

एरेटर | मंगळवार, रात्री ९.३०

सायली, मी हीच केंद्रं चालवतो, मी सांगतो. पहिल्या टाकीत नुसतं स्थिरावून विषाणू फारसे जात नाहीत. हवा सोडलेल्या टाकीत ते जिवाणूंच्या गुठळ्यांना चिकटतात आणि गुठळ्यांबरोबर खाली बसतात. नीट चाललेल्या केंद्रात नव्वद ते नव्व्याण्णव टक्के असे निघतात. ऐकायला छान वाटतं, पण आजारी माणसाच्या एका ग्रॅम विष्ठेत कोट्यवधी विषाणू असतात. शंभरातला एक उरला तरी तो आकडा लहान नाही.

आणि निघाले म्हणजे संपले असं नाही, ते गाळात गेले. ओला गाळ थेट बागेत टाकत असाल तर आजच थांबवा. गाळात चुना घालून सामू १२ च्या जवळ नेला की विषाणू निष्क्रिय होतात. तिथे अमोनिया आपल्या बाजूनं लढतो. क्लोरीनला अडवणारा तोच अमोनिया, सामू चढला की वायुरूपात मोकळा होतो आणि विषाणूंचा घात करतो. पोलिओच्या विषाणूवर हे १९७७ मध्येच दाखवलं गेलंय.

तुमच्या केंद्रात शेवटी गाळणपडदा आहे का, क्लोरीन कुठे सोडतात आणि तिथून पंपापर्यंत पाणी किती मिनिटं मुरतं, हे ऑपरेटरला विचारा. बऱ्याच सोसायट्यांत क्लोरीनचा थेंब पंपाच्या तोंडाशीच पडतो, मुरायला वेळच मिळत नाही. अमोनिया पूर्ण गेलेला नसेल तर माळरानच्या ओटीची गोष्ट इथेही लागू. तोवर स्प्रिंकलर मुलं नसताना, पहाटे चालवा. फवारण्यापेक्षा ठिबक केव्हाही बरं.

परळकर | बुधवार, सकाळी ९.१०

विषाणू सांडपाण्यात टिकतात ही गोष्ट एकदा आपल्या कामीही आली आहे. मुंबईत २००१ पासून गटाराच्या पाण्याचे नमुने घेऊन पोलिओ शोधायला सुरुवात झाली. परळच्या प्रयोगशाळेत ते पेशींवर वाढवून पाहत. एकही मूल लुळं पडलेलं नसताना वस्तीत विषाणू फिरतोय हे गटार सांगायचं. मुंबईच्या सांडपाण्यात जंगली पोलिओ शेवटचा सापडला नोव्हेंबर २०१० मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात, आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या आपल्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

पेशींवर वाढवणं महत्त्वाचं, कारण पीसीआर फक्त जनुकांचा धागा ओळखतो. क्लोरीननं पेटी निकामी झाली तरी धाग्याचे तुकडे शिल्लक असतात आणि चाचणी पॉझिटिव्ह येते. विषाणू आहे आणि विषाणू बाधतो, ही दोन वेगळी उत्तरं आहेत. नोरोव्हायरस तर २०१६ पर्यंत प्रयोगशाळेत नीट वाढवताच येत नव्हता.

माळरान | गुरुवार, सकाळी ८.०५

काका, आज घड्याळ धरून ओटी घेतली. टाकीखालच्या नळाला थेंब पडताच पिवळा. शाळेजवळ तसाच. वरच्या आळीला थोडा फिका पण लगेच. खालच्या आळीच्या शेवटच्या नळाला दहा सेकंदांत काहीच नाही. पाणी पांढरंच. नळी तशीच धरून उभा राहिलो. पाच-सहा मिनिटांनी हळूहळू पिवळा चढला. गेली दोन वर्षं मी याच नळाला 'पॉझिटिव्ह' लिहीत आलोय.

थेंबथेंब | गुरुवार, सकाळी ८.४०

टाकीत मोकळा आणि शेवटाला जोडलेला, म्हणजे वाटेत कुठेतरी अमोनिया मिसळतोय. तुमच्याकडे पाणी दिवसातून तासभरच सुटत असणार. उरलेले तेवीस तास पाईप रिकामा असतो आणि फटीतून बाहेरचं ओढून घेतो. त्या आळीत पाईप गटाराला कुठे ओलांडतो ते बघ. आज खालच्या आळीत पाणी उकळून प्यायला सांग, गरोदर बायका असतील त्या घरी आधी जा. आशाताईंना सोबत घे.

माळरान | गुरुवार, रात्री ९.२०

सापडलं. व्हॉल्व्हचा खड्डा गटाराला लागूनच आहे आणि आत गुडघाभर काळं पाणी. व्हॉल्व्हच्या जोडाखालून पाणी सुटतं तेव्हा बुडबुडे येतात. सरपंचांना आणि ग्रामसेवकांना तिथे नेऊन दाखवलं. खालच्या आळीचा व्हॉल्व्ह बंद केलाय, दोन दिवस टँकर येईल. त्या आळीत तीन गरोदर बायका आहेत, तिन्ही घरी आशाताई जाऊन आल्या. शनिवारी जोड बदलला की लाईन क्लोरीननं धुवून घेतो आणि दहा सेकंदांचं रीडिंग इथेच टाकतो.

नाडी | गुरुवार, रात्री ९.५५

माळरान, त्या आळीच्या घरांची यादी आशाताईंकडे ठेवायला सांगा आणि पुढचे नऊ आठवडे दर आठवड्याला विचारपूस होऊ द्या. कुणालाही भूक नाही, मळमळ, गडद लघवी असं काही वाटलं तर डोळे पिवळे व्हायची वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. त्या तिघींना तर ताप आला तरी लगेच.